रेवती कुणाच्या घरी उतरणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, केशवरावांची जयंती होती. मी सकाळच्या एसटीनं गेलो. खासबागेच्या कोपऱ्यावर लांबच उभा राहिलो. ओल्या राखेचा वास येत होता. माणसं बोलत नव्हती, नुसती बघत होती. मलाही रडू आलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राग आला तो नंतर, बोलणी सुरू झाल्यावर. शहरातल्या एका बैठकीत एक शिकलेला, जाणता माणूस म्हणाला, "संगीत नाटक आता मूठभर जाणकारांपुरतं राहिलंय. खेड्यातल्या माणसाला तसंही त्यातलं काय कळत होतं? त्याला तमाशा आणि ऑर्केस्ट्रा पुरे." पुढं जत्रेच्या आधी आमच्या गावात कमिटी बसली, तिथं एक पुढारी म्हणाला, "ते आऽऽ ऊऽऽ कोण ऐकतंय आता? साउंड सांगा साउंड." शहरातला एक आणि गावातला एक. एरवी ही दोन माणसं एका पंगतीला बसायची नाहीत. पण या एका गोष्टीत दोघांचं झकास जुळलं. दोघांनाही वाटतं की संगीत नाटक आमचं नव्हतंच.

दोघंही खोटं बोलतात, आणि ते का खोटं आहे हे मला सांगता येतं. कारण आम्ही ते केलंय. आणि ते आमच्या हातनं का गेलं, हेही मला ठाऊक आहे. ते सांगताना माझंच नाव खराब होणार आहे. होऊ दे.

आमचं गाव भोगावतीच्या काठावर. ऊस, गुऱ्हाळ आणि तालीम हे तिन्ही. तालीम म्हणजे कुस्तीचीही आणि नाटकाचीही. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दुसरी जत्रा होती. आदल्या दोन वर्षांत गावानं हौसेचं काही केलं नव्हतं. त्या साली मळणी बरी झाली, गुळाला दर बरा मिळाला आणि मंडळींच्या अंगात आलं. शाळेतल्या मास्तरांनी ठरवलं, 'संगीत संशयकल्लोळ' बसवायचं.

मास्तर पायपेटी वाजवायचे. तबल्याला देवळातले गुरव. फाल्गुनराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन. अश्विनशेठ म्हणजे कारखान्यातला एक स्लिपबॉय. दिवसभर उसाच्या फडात फिरून यायचा, पण रात्री दरबारीतलं पद घ्यायला लागला की गुऱ्हाळावरचा गुळव्या हातातलं काम थांबवायचा. आणि मी भादव्या, म्हणजे फाल्गुनरावाचा गडी. गाणं नव्हतं मला, पण हशा मिळायचा.

आता हे नाटक कुणाचं, ते बघा. गोविंद बल्लाळ देवलांनी लिहिलं. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. गोष्ट त्यांची नव्हे. फ्रान्समधल्या मोलिएरनं १६६० साली एक प्रहसन केलं, ते इंग्रजीत गेलं आणि तिथनं देवलांनी उचललं. उचललं म्हणजे कसं, तर माणसांची नावंच नक्षत्रांची आणि महिन्यांची केली. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, वैशाखशेठ. आधी गद्य होतं, मग पदं घालून १९१६ साली संगीत झालं, आणि देवल त्याच साली वारले. पॅरिसचं प्रहसन हरिपूरच्या माणसानं मराठी केलं, तर भोगावतीकाठच्या स्लिपबॉयनं ते गायलं यात कुणाचं काय बिघडलं?

गाण्याचंही तेच. कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना ठेवलं. त्यांच्याकडं शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांनी नाटकांना चाली दिल्या, बालगंधर्वांना गाणं दिलं. 'मानापमान'ला १९११ साली चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी, तेही कोल्हापूरकडचेच. आणि केशवराव भोसले? कोल्हापूरचं गरिबाघरचं मराठ्याचं पोर. चार-पाच वर्षांचं असताना नाटक कंपनीत गेलं, शाळा कसली म्हणून नाही. 'शारदा' करून लहानपणीच नाव काढलं. १९०८ साली हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' उभी केली तेव्हा वय अठराच्या आत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्याच साली ऑक्टोबरात केशवराव गेले. वय एकतीस. ज्याच्या नावाच्या नाट्यगृहासाठी तुम्ही-आम्ही रडलो, त्याला पहिली जाणकारी कुणी शिकवली होती? कुठल्या कॉलेजात?

महाराजांनी ते थिएटर बांधलं, १९१५ साली उघडलं. शेजारीच कुस्तीचं खासबाग मैदान. एका हाताला लाल माती, दुसऱ्या हाताला पदं. दोन्हीकडं बघणारा माणूस एकच असणार, हे त्या राजाला कळत होतं. आपल्या बैठकीतल्या जाणत्याला ते अजून कळायचंय.

इंग्लंडात गिरणीच्या गावांतनं, लहान बाजारगावांतनं हौशी मंडळ्या आहेत. बँकेतला कारकून, खाटीक, शाळामास्तरीण मिळून गिल्बर्ट आणि सलिव्हनची विनोदी गाण्याची नाटकं करतात, शंभर वर्षांहून जास्त झाली. त्यांचं गाजलेलं 'मिकाडो' १८८५ चं. आमच्या किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं, म्हणजे पाच वर्षांनी आधीचं. तिकडं कुणी म्हणत नाही की खाटकाला ऑपेरा काय कळतो. तो गातो, चुकतो, शेजारीपाजारी हसतात, टाळ्या वाजवतात, आणि त्यातनंच पुढचं पोरगं गाणं शिकायला जातं. हौशी म्हणजे हलकं, हे आपण कुठनं आणलं? हौशी माणूस पदरचे पैसे घालतो, झोप मोडतो आणि बायकोच्या शिव्या खातो. धंदेवाल्याला यातलं एक तरी करावं लागतं का?

तर आमची तालीम आमच्याच सोप्यात चालायची. रेवतीचं काम करायला बाई बाहेरनं सांगायची, ही रीत. जत्रेच्या नाटकांना पैसे घेऊन काम करणाऱ्या बाया तेव्हा शहरातनं मिळायच्या. दोन सांगणं परवडत नव्हतं, म्हणून एकच सांगितली, रेवतीसाठी. कृत्तिका करायला गावातलंच एक पोरगं, नुकताच आवाज फुटलेलं. त्यानं लाडिक बोलायचं आणि मधेच रेड्यासारखा सूर लागायचा. आम्ही हसून लोळायचो.

मग एका रात्री मास्तरांनी विचारलं, "बाई तीन दिवस आधी येणार. उतरवायची कुणाच्या घरी?"

तालीम गप्प झाली. चेअरमन म्हणाले, "आमच्यात म्हातारी आजारी हाय." दुसरा म्हणाला, "आमच्यात जागा न्हाई." त्याचा वाडा दोन चौकी होता. तिसरा खरं बोलला. "नाटकातली बाई घरात कशी घ्यायची? घरात लेकीबाळी हाईत." माझे वडील खाली मान घालून तंबाखू मळत होते. शेवटी बाई शाळेच्या खोलीत उतरवायची ठरली. खाली सतरंजी आणि एक कंदील.

आता नाटकात काय आहे, ते आठवा. रेवती ही नायकिणीची मुलगी. तिला इमानानं एकाचीच होऊन राहायचंय. पण जो तो तिच्यावर संशय घेतो. ज्याच्यावर तिचा जीव, तो अश्विनशेठसुद्धा. एक तसबीर या हातातनं त्या हातात जाते आणि अख्खा गोंधळ उभा राहतो. शेवटी सगळे संशयखोर तोंडघशी पडतात. आम्ही रोज रात्री त्या संशयखोर फाल्गुनरावाला हसत होतो. आणि आमच्या गावातल्या एका घरानंही रेवतीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही.

बाईंचं जेवण आमच्या घरनं जायचं. आईनं तेवढं केलं. डबा न्यायला माझी धाकटी बहीण, सोळा वर्षांची. तालमीच्या वेळी ती चहा करायची, भाकरी थापायची, आणि तिचा कान सोप्याकडं. अख्खं नाटक तिला पाठ झालं होतं, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली ती तासभर आलीच नाही. बघायला गेलो तर शाळेच्या खोलीतनं दोन आवाज येत होते. बाईंचा एक आणि हिचा एक. बाईंचा सूर काळी चार. हिचाही तोच, पण कोवळा आणि धारेचा. मी खिडकीखाली उभाच राहिलो.

रंगीत तालमीला बाईंनी मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं, "मास्तर, ही पोरगी रेवती करेल. मी कृत्तिका करते. त्या पोराची हौस होईल, पण नाटकाचा खून होईल. माझे पैसे तेवढेच द्या."

मंडळी हसली. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "मी म्हणून दावतो की, मास्तर." आमच्याकडं बाया 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात.

मास्तर वडलांच्या तोंडाकडं बघायला लागले. वडील काही बोलले नाहीत. बोललो मी. मी म्हणालो, "गप घरात जा. इथं काय काम तुझं?"

भादव्याला आयुष्यात तेवढं एकच गंभीर वाक्य मिळालं, आणि त्यानं ते असं वापरलं.

नाटक झालं. सहा बैलगाड्या जोडून वर फळ्या, पडदे कोल्हापूरहून भाड्यानं, आणि विजेचा भरवसा नव्हता म्हणून चार गॅसबत्त्या. शेजारच्या चार गावांची माणसं होती. पहाटे चारपर्यंत कुणी उठलं नाही. दरबारीतल्या पदाला तीन वन्समोअर मिळाले. ज्यांना काही कळत नव्हतं, असं आज ज्यांच्याबद्दल सांगतात, ती ही माणसं. सूर घसरला की पुढं बसलेला म्हातारा गुडघ्यावर हात मारून 'च्च' करायचा. तो माळकरी होता. पन्नास वर्षं भजनात टाळ धरलेला. त्याला कुणी शिकवावं?

नाटक संपलं आणि गावात दुसरं नाटक सुरू झालं. 'ती पोरगी त्या बाईपाशी काय करत होती?' 'शाळेत दार लावून?' 'नाटकात जायची म्हणं.' नाटकात निदान तसबीर होती. इथं नुसता आवाज होता, खिडकीतनं बाहेर आलेला. तेवढ्यावर संशयकल्लोळ झाला. वडलांनी महिन्याभरात स्थळ बघितलं आणि लग्न लावून टाकलं. माणूस चांगला मिळाला, संसार झाला. पण त्या घरात तिनं गाणं कधी म्हटलं नाही. विचारलं तर म्हणायची, "कुठं येतंय मला गाणं?"

तुम्ही म्हणाल, काळच तसा होता. हे वाक्य मी पन्नास वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्यात बायांनी कामं केली. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर स्वतःची नाटक कंपनी घेऊन फिरल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त पुरुषांबरोबर बाया उभ्या राहिल्या. जयमाला शिलेदारांनी तर नवऱ्याबरोबर कंपनी चालवून संगीत नाटक जगवलं. हे सगळं आमच्या नाटकाच्या आधीचं. काळ पुढं गेलेला होता. आम्ही मुद्दाम मागं उभे होतो, कारण तिथं उभं राहणं आम्हांला सोयीचं होतं. पडद्यावर दुसऱ्याची लेक बघायला मिळत होती आणि आपली चुलीपाशी राहत होती.

म्हणून मी म्हणतो, संगीत नाटक सिनेमानं मारलं, टीव्हीनं मारलं, ही अर्धीच गोष्ट आहे. आमच्या गावात ते आम्ही मारलं. बाहेरच्या बाया सांगायला पैसे पुरेनात, मिशीवाल्या कृत्तिकेला कुणी बघेना, आणि गावात गाणारी होती तिला आम्ही घरात धाडली. चार-पाच वर्षांत मंडळ मोडलं. पायपेटीत उंदरांनी घर केलं. मग आम्हीच म्हणायला लागलो, आता कोण बघतंय.

शहरातल्यांनीही हातभार लावला, तेही सांगतो. आम्ही एकदा बाहेर स्पर्धेला गेलो होतो. परीक्षक कोण, कुठली स्पर्धा, ते सोडा. शेरा मिळाला, 'उच्चार ग्रामीण'. आमचा 'न' आणि 'ण' एक होतो, हे खरं. तो सुधारायला पाहिजे, हेही खरं. नाट्यपदात अक्षर स्वच्छ पाहिजेच. पण सुधारायला कुणी आलं नाही. शेरा तेवढा आला. एखाद्या पोराला कुस्तीत पट काढता येत नसला तर वस्ताद त्याला हौद्यात घेऊन शिकवतो. 'तुझं अंग ग्रामीण आहे' असं लिहून घरी पाठवत नाही.

आता आजचं. यंदा गावातल्या पोरांनी उचल खाल्ली की जत्रेला 'संशयकल्लोळ' करायचं. माझी नात कोल्हापुरात गाणं शिकते, तिला रेवती करायची आहे. तिच्या दोन मैत्रिणी आहेत. कमिटीनं आधी साउंड सांगितला होता. पोरं हट्टाला पेटली तेव्हा एक रात्र दिली. पण अट घातली. काय अट? "गावातल्या पोरी नकोत. बाया बाहेरनं सांगा. सोयरिकी मोडतात."

पन्नास वर्षं झाली आणि वाक्य तेच आहे. याच पोरी पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पळतात, ते चालतं. लग्नाच्या आदल्या रात्री हळदीला साउंडपुढं मध्यरात्रीपर्यंत नाचतात, तेही चालतं, व्हिडिओ निघतात. सरपंचाच्या खुर्चीत आरक्षणानं बाई बसते, तिच्या नावावर नवरा कारभार करतो, तेही चालतं. फक्त नऊवारी नेसून, पायपेटीवर सूर लावून पोरगी देवलांचं पद म्हणणार म्हटलं की सोयरीक मोडते! जी सोयरीक एका पदानं मोडते, ती मोडलेली बरी. माझ्या बहिणीची न मोडता झाली, आणि तिचा आवाज मोडला.

पैशाचंही ऐकून घ्या. कमिटीत मी हिशेब बघितलेत. एका रात्रीच्या साउंडवर आणि लायटिंगवर आम्ही जे उधळतो, त्यात पडदे, कपडे, वाद्यं, रंगभूषा आणि पेटीवाल्याची दक्षिणा धरून नाटक उभं राहतं आणि वर मंडळींचा चहा निघतो. साउंड पहाटे गाडीत घालून निघून जातो. नाटक बसवलं तर दहा पोरांच्या गळ्यात गाणं राहतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शहरवाल्यांनो, केशवरावांचं नाट्यगृह पुन्हा उभं करताना दगड तसाच लावा, लाकूड तसंच लावा, त्यावर माझा वाद नाही. पण वर्षातनं काही रात्री खेड्यातल्या हौशी मंडळींना परवडेल अशा भाड्यानं द्या, आणि तालमीला एक खोली द्या. तुमच्यातल्या जाणत्यांनी महिन्यातनं एक रविवार एसटीत बसून यावं आणि आमचे 'न' आणि 'ण' वेगळे करून द्यावेत. आणि गाववाल्यांनो, जत्रेची एक रात्र पदांना द्या. अट घालू नका.

परवा बहिणीकडं गेलो होतो. पासष्टी ओलांडलीय तिनं. नातीचं सांगितलं आणि पन्नास वर्षांपूर्वी मी जे बोललो त्याची माफी मागितली. ती शेंगा फोडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीला सांग, दुसऱ्या अंकातलं पद घाईनं म्हणू नको. त्या बाईंनी मला तिथं थांबायला शिकीवलं व्हतं." आणि तिनं जागा म्हणून दाखवली. आवाज थरथरला, पण जागा नेमकी होती.

येत्या सोमवारी कमिटीची बैठक आहे. ती येणार आहे, माझ्याबरोबर. अट निघाली तर मी उठून बोलणार आहे, आणि या खेपेला कुणाला घरात जा म्हणणार नाही. बाहेरनं बाई सांगायचीच असं ठरलं, तर तीही येऊ दे, तिचंही पोट आहे. पण ती शाळेच्या खोलीत उतरणार नाही. माझ्या घरात दोन रेवत्या राहतील एवढी जागा आहे.